नकाशात फुगलेलं शेत

मी खारघरच्या कॉलेजात नकाशाचं गणित शिकवते. मुलांना हा विषय रुचत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात रुचण्यासारखं फार काही नाहीही. पृथ्वी नीट गोल नाही, ध्रुवांकडे चेपलेली आहे. म्हणून नकाशा करताना खऱ्या अक्षांशाच्या जागी गणितापुरता दुसरा, साहाय्यक अक्षांश धरायचा. आकार राखायचा तर एक, क्षेत्रफळ राखायचं तर वेगळा. दोन्ही एकाच नकाशात राखता येत नाहीत. हे मी दरवर्षी फळ्याकडे तोंड करून सांगते.

कोन या आमच्या गावी बाबांचं आणि धाकट्या काकांचं सामाईक शेत होतं. वाटणीच्या मोजणीला एकटे काका उभे राहिले, कारण बाबा तापाने पडले होते. पुढे एका दलालाने संगणकावर शेताची कड आखून सगळ्या शेताचं क्षेत्रफळ काढून दिलं. त्याच्या निम्म्याहून बाबांचा वाटा कमी भरला. उरलेली जमीन काकांनी गिळली, असं बाबांनी मनाशी धरलं. एका अंगणात राहून भाऊ भावाशी बोलेना. मी विचारलं की बाबा म्हणत, तू सासरची, यात पडू नकोस.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दहाव्याला तळ्यावर कावळा पिंडाला शिवेना. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी पुढे होऊन हात जोडले आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले, जमीन घेतलीस ती घेतलीस, मी माफ केलं. कावळा शिवला. काकी खाली मान घालून उभी होती.

घरी आल्यावर बाबांना हलकं वाटत होतं. दलालाचा तो नकाशा त्यांनी पहिल्यांदाच मला दाखवला. मला बघताक्षणी कळलं. आकार राखणाऱ्या नकाशावरूनच त्या शहाण्याने थेट क्षेत्रफळ काढलं होतं. अशा नकाशात आपल्याकडची जमीन सुमारे आठव्या हिश्श्याने फुगते. क्षेत्रफळ राखणारा अक्षांश धरून मी पुन्हा गणित मांडलं, तर ते मोजणीशी जुळलं. काकांनी काहीच घेतलं नव्हतं.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण काकीने चोराची बायको म्हणून जगावं, हे मला सोसवेना. मी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजे ती जमीन कंदी नव्हतीच?"

"नव्हती, बाबा."

"पन भाव व्हता ना माजा."

मग ते उठून काकीच्या दारापर्यंत गेले आणि हाक न मारताच परत आले.