नळगंगेचा कतला

सुमे, हे पत्र नीट बसून वाच. काकू जिती आहे का मेली, एवढं तरी इचारत जा वं पोरी! आज शेजारीण अंगणात मासे धुऊन राह्यली होती. त्या वासानं मले पार नळगंगेच्या धरणावर नेऊन सोडलं.

तुझ्या काकाले मोठ्या कतला माशाचं भारी वेड, पण पोहता येत नव्हतं. लय वर्सापहिले एका सकाळी आम्ही दोघंच तिथं गेलो, अन् कणकेचा गोळा लावून त्यायनं गळ टाकला. मासा सुटू नये म्हणून नायलॉनचा दोरा मनगटाले गुंडाळून घेतला. कतला लागला अन् असा ओढत निघाला, की काका गाळावरून घसरत छातीभर पाण्यात गेले.

"सोडा जी तो मासा!" मी ओरडली.

"सुटत नाही वं! दोरा रुतला!"

काठावर दोरा कापाले ना इळा, ना मदतीले माणूस. मी पाण्यात शिरली, एका हातानं त्यायचा सदरा धरला अन् दोरा दातात घेतला. तोंडात चिखल, रक्ताची चव. पाणी त्यायच्या हनुवटीले लागलं, तवा कुठं दोरा तुटला.

काठावर आल्यावर मलेच म्हणतात, "एवढा मोठा कतला घालवला ना तू!" तवा मले लय राग आला. आता वाटते, भेलेला माणूस दुसरं काय बोलन?

आता ते खाटेवर आहेत. दोन घास जात नाहीत, डॉक्टरनंही घरी न्या म्हणून सांगतलं, तवा घरीच आणलं. तवा निदान पाण्यात शिरता तरी आलं होतं. आता नुसतं उशाशी बसून पाह्यते.

काल त्यायनं तुझं नाव घेतलं. लवकर ये वं माय.