धारेपाशी थांबणारा

रोज सकाळी दूधकट्ट्यावर तो माझ्या आधी आलेला असतो. समोर म्हशीची धार काढून फेसाळतं दूध तिथंच ग्लासात देतात. आम्ही ते पितो, मिशा पुसतो आणि कामाला पळतो. याचा ग्लास मात्र फेस बसला तरी हातातच. कान धारेकडं, आणि अंगठे धार काढल्यागत आपोआप हलत असतात.

एकदा न राहवून विचारलं, "पावणं, घरात जनावरं हायत काय?"

"एक म्हस होती. मी गांजा ओढायचो तवा. चिलीम ओढून आंब्याखाली टेकलो की वाटायचं, आत्ताच बसलोय. बघावं तर दिवस डोक्यावर आलेला. म्हस तटतटल्या कासेनं वरडायची, पर मला ते लांबच्या शिवारातनं आल्यागत वाटायचं. शेवटी कास सुजली, म्हस आटली. भावानं विकून टाकली."

गांजा सोडून त्याला वर्ष झालंय. अजूनही बोलता बोलता मधेच थांबतो आणि पुढचा शब्द हुडकत राहतो.

परवा गवळी म्हणाला, "रोज नुसतं बघत उभारताय. बसा की, आज तुमी काढा."

त्याचा चेहराच फुलला. नळावर हात धुतले, परत धुतले. उकिडवं बसून म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं, डोळे मिटले. म्हैस निवांत उभी होती. त्याचे हात मात्र गुडघ्यांवरच.

"किती येळ झाला मला बसून?" त्यानं विचारलं.

"आत्ताच बसलाय की," मी म्हणालो.

खरं तेच होतं. पण ते ऐकताच तो दचकून उठला आणि दिवस कुठवर आलाय ते बघू लागला.