यंदा नको, पुढल्या साली

थांबण्याच्या बाबतीत माझ्या मामांचा हात धरील असा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत झाला नाही, आणि पुढं होईल असंही वाटत नाही. लोक घाई करून फसतात, मामा थांबून फसायचे. लग्नात ते कधी पहिल्या पंगतीला बसले नाहीत. "पैल्या पंगतीला वाढप्यांचा हात बसलेला नसतो," म्हणायचे, आणि दुसऱ्या पंगतीला बसून बुंदीशिवाय जेवून उठायचे. वर "भात मातर कसा मोकळा व्हता" हे आहेच. महाळुंगे पडवळहून मंचरला जाणारी पहिली एसटी आली की सगळे हात करायचे, मामा हात मागं बांधून उभे. "हिला गर्दी आसती. मागची मोकळी येती." मागची पुष्कळदा यायचीच नाही. मग मामा उन्हातून चालत निघायचे आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, की चालणं तब्येतीला बरं असतं.

पण त्यांना वेडं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण बाजारात त्यांचं थांबणं लागू पडायचं. बेल्ह्याच्या बाजारात ते सकाळी बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचे, किंमत विचारायचे आणि चहाला निघून जायचे. दुपारी विकणारा उन्हानं कावला, घरची ओढ लागली, की मामा सहज आल्यासारखे पुन्हा तिथं. गावातली निम्मी जनावरं त्यांच्या सल्ल्यानं घेतलेली. आणि कांद्याची तर गोष्टच झाली. एका साली सगळ्यांनी उन्हाळ्यातच कांदा विकून टाकला, मामांनी मात्र बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, भरून ठेवला. मामी रोज सडका कांदा निवडून बाहेर टाकायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. दिवाळीनंतर भाव असा काही चढला की लोक मामांची बराख बघायला येऊ लागले. त्या एका कांद्यानं घात केला. जगातली कुठलीही वस्तू ठेवली की वाढते, असं मामांनी मनाशी धरलं ते तेव्हापासून.

त्यांची लेक वैशू आणि मी एका वयाच्या. अकरावी-बारावीला मी मामांकडेच राहिले, दोघी मिळून मंचरच्या कॉलेजात जायचो. वैशूला डॉक्टर व्हायचं होतं. नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे. शेजारच्या शेळीचा मोडलेला पाय तिनं बांबूच्या कामट्या बांधून सरळ केला होता, तेव्हापासून गाव तिला डॉक्टरीणच म्हणायचं. डोकं असं की मी तासभर घोकलेलं ती भाकरी थापता थापता म्हणून दाखवायची. आणि नेमकं आमच्याच वेळी बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचं बंद झालं आणि सीईटी निघाली.

मामा लगेच आळेफाट्याला आमच्या घरी आले. वडिलांचं तिथं गॅरेज होतं, चार गावचे ड्रायव्हर तिथं टेकत, त्यामुळं जगाची खबर तिथं मिळते असं मामांचं मत. दोन दिवस त्यांनी सगळ्यांना सीईटीबद्दल विचारलं आणि निकाल दिला. "नवी परीक्षा हाय दाजी. पैल्या साली पेपर काढणाऱ्यालाच ठाव नसतं काय इचारायचं ते. यंदा लोकांची पोरं बसू द्या. आपुन बघू, आन् पुढल्या साली बसू." वडील जॅकवरच्या गाडीखालून बाहेर न येताच म्हणाले, "गाडी स्टार्ट तर करून बघा राव. न्हाय चालली तर ढकलू." मामांना हा अडाणीपणा वाटला.

मी बसले, वैशू बसली नाही. पुण्याहून पेपर देऊन आले तेव्हा तिनं मला ओट्यावरच बसवलं आणि आठवतील ते प्रश्न सांगायला लावले. मी प्रश्न सांगायची, ती उत्तर. मी चुकलेली सगळी तिला येत होती. मामा दारात उभे राहून ऐकत होते. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं आता तरी यांना हळहळ वाटेल. म्हणाले, "बघ, तयारी झालीच हाय. आता सालभर मुरंल." वैशू उठून वैरण टाकायला गेली. मामांचा मला तेव्हा फार राग आला, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही.

पुढल्या साली मामांनी पुन्हा खबर काढली. "यंदा मागल्या सालची बी पोरं बसत्यात. आवक लई. आवक वाढली की भाव पडतो." वैशू रडली, मामी भांडली, मामा ढिम्म. त्याच्या पुढल्या साली सुगीत स्थळ आलं. मुलगा चांगला, चाकणला कंपनीत. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात पहिली एसटी पकडली नाही, त्यानं पाव्हण्यांचा चहा संपायच्या आत होकार दिला. "आसं स्थळ थांबत न्हाई," म्हणाले.

"दादा, उन्हाळ्यात परीक्षा हाय. तेवढी देऊ द्या," वैशू त्यांना म्हणाली.

"लगीन झाल्यावर बी देता यील की. ती काय पळून चाललीय?"

वैशूला आता दोन मुलं आहेत. सुखात आहे, म्हणते. मला फार्मसी मिळाली, आळेफाट्यावर माझं औषधाचं दुकान आहे. मामांची ब्लडप्रेशरची गोळी माझ्याकडूनच जाते. परवा उन्हाळ्यात आले, गोळी खिशात घातली आणि उगाच काउंटरपाशी घोटाळत राहिले. मग म्हणाले, "सीईटी कवा हाय गं यंदा?"

"कुणासाठी मामा?"

"आसंच." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "त्या परीक्षेला वयाची अट आसती का?"

मी म्हटलं, वैशूला विचारून बघा. ते म्हणाले, "इचारलं. हसली नुसती."

तेवढ्यात मंचरला जाणारी एसटी आली, दारापर्यंत माणसं लोंबकळलेली. मी म्हटलं, "बसा मामा, चहा घ्या, मागून दुसरी येईल." मामा धोतर सावरत धावत सुटले आणि कुणाच्या तरी खांद्याला धरून पायरीवर चढले. आलेली गाडी त्यांनी सोडली नाही.