मुरला की चुरला

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात जनकाबाईंची एक एकर जमीन होती, दुसरी नव्हती. नव्वदच्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, साक्षरता वर्गात बसून त्या अक्षरे शिकल्या होत्या.

२००७ साली एका कंपनीच्या माणसाने त्यांच्या मिरचीच्या वाफ्यांवर पातळ काळा प्लॅस्टिकचा कागद फुकट अंथरला. "मावशी, पीक निघालं की हा मातीत मुरणार. शेणखतासारखा." जनकाबाईंना मुरणे ठाऊक होते: शेण मुरते, पाणी मुरते. त्या शब्दावर त्यांनी होकार दिला.

उन्हाळ्यात वरचा कागद पापडासारखा तडकला आणि त्याच्या नखाएवढ्या ढलप्या झाल्या. काठाने मातीत दाबलेल्या, ऊन न लागलेल्या पट्ट्या मात्र घशातून केस ओढावा तशा लांबच लांब, बुळबुळीत निघाल्या.

गावभर हाच कागद अनुदानावर यायचा होता. त्यासाठी कागद मुरल्याचा जनकाबाईंचा दाखला हवा म्हणून तो माणूस सरपंच उत्तमरावांना घेऊन शेतात आला.

"बघा, कुठं दिसतो का? मुरला!"

जनकाबाईंनी पाण्याच्या घमेल्यात ओंजळभर माती टाकली. माती तळाशी बसली आणि काळा चुरा वर आला.

"सायब, मुरलेलं असं तरंगून ऱ्हातं व्हय?"

"जनके, जे दिसत न्हाई ते काहून हुडकून राहिलीस?" उत्तमराव हसले. "लाव अंगठा अन् हो मोकळी."

"अंगठा काहून, पाटील? सही येते मला. हे पाणी तुमी घोटभर प्या, मंग करते."

उत्तमरावांनी तोंड फिरवले. आपण जे तोंडाला लावणार नाही ते दुसऱ्याच्या एकुलत्या एकरात राहू द्यायचे, आणि वर त्याला प्रगती म्हणायचे, ही शिसारी आणणारी सभ्यता आपल्याकडे सुशिक्षितांनीच रुजवली आहे.

जनकाबाईंनी दाखला बोट ठेवून वाचला: 'कागद मातीत पूर्णपणे मुरला.' त्यांनी 'मु' खोडला, वर 'चु' लिहिला आणि खाली सही केली.

त्या माणसाने तो दाखला चुरगाळून बांधावर फेकला आणि दुसरा काढला. त्यावर उत्तमरावांनी सही केली.

पावसाळ्यात बांधावरचा तो दाखला महिनाभरात मातीत मुरला. जनकाबाई अजून घमेले घेऊन वाफ्यात बसतात. माती ओततात, वर आलेले काळे ओंजळीने काढतात.