धोतरातली रोमन बाई

सिंगापुरात कुणाकडे मंगळागौर असो की गणपती, नऊवारी नेसवायला मलाच बोलावतात. तोआ पायोहपासून बुओना व्हिस्टापर्यंत किती मराठी कमरांवर माझ्या हातचा काष्टा बसलाय, विचारू नका! त्यामुळे माझी तेरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, शनिवारी वर्गात रोमन बायकांच्या रोजच्या कपड्यांवर बोलायचंय, तसे कपडे घालूनच," तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. त्यात पालकांनाही आमंत्रण!

तिला हवं होतं ते अगदीच मिळमिळीत. पायघोळ झगा, कमरेला दोरी, वरून मोठी शाल.

"एवढंच? बाई रोमची आहे की आजारी आहे?" असं म्हणत मी कपाटातून नवऱ्याचं पूजेचं धोतर काढलं. पांढरंशुभ्र, जांभळ्या काठाचं. तिच्या टी-शर्टवरूनच एका खांद्यावर असं फिरवलं की आरशात साक्षात रोमन सरदार!

"आई, हा टोगा झाला. तो पुरुषांचा. बाबांचं धोतर नेसून तू मार्केटला जाशील का?"

"गप्प उभी राहा. नेसवण्यातलं मला कळतं."

"मी वाचलंय लाह," तिने इथलं सिंगापुरी शेपूट जोडलं.

"वाचलंयस ना? मग आता नेस."

तिने हात पसरले. मी तो होकार समजले.

शनिवारी मी मागच्या रांगेत बसले आणि शेजारच्या दोन आयांना लगेच सांगून टाकलं, "नेसवणं माझं हं!" लेक बोलतही छान होती. आत झगा, लग्न झालेल्या बाईचा त्यावर आणखी एक लांब झगा, बाहेर पडताना शाल. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग तू हे काय घातलंयस?"

"टोगा. पुरुषांचा."

"बाईने घातला तर?"

लेकीने वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सांग ना, तू लिहिलंयस ते."

"बदनाम बायकांना घालावा लागायचा, असं म्हणतात," ती पुटपुटली.

वर्गात हशा फुटला. शेजारच्या दोघी आया एकदम फळ्याकडे टक लावून बघू लागल्या. लेकीचे कान लाल झाले होते. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी चूक झाली."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी उठले, पुढे गेले. "तिची नाही, माझी. ती सांगत होती, मी ऐकलं नाही."

लेकीने टाचण्या काढल्या, धोतर सोडलं आणि टी-शर्ट-हाफपँटीत उभी राहून म्हणाली, "आई, सरळ उभी राहा." माझ्या लांब कुर्त्यावरून तिने ते दोन्ही खांद्यांवर घेतलं, एक पदर डोक्यावर. मग वर्गाकडे वळली.

"ही लग्न झालेली बाई, बाजारात निघालीय. आतला झगा खरं तर घोट्यापर्यंत हवा."

आता कुणी हसत नव्हतं. पोरं पुढे झुकून बघत होती, एकाने तर हात वर केला होता. मी मात्र जमिनीकडे बघत उभी.

"आई, मान वर," ती मराठीत हळूच म्हणाली. "डोक्यावरचं दिसत नाहीये त्यांना."

मी मान वर केली. समोरच त्या दोघी आया होत्या.