खाकरणारी गाडी

कालव्याचा पूल आला की नाना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे. पुढे चढ नाही, खड्डा नाही, गावाचं वळणसुद्धा बरंच लांब. तिसऱ्यावर मजेत चाललेली गाडी ते विनाकारण मागे ओढायचे आणि वर अंमळ रेस द्यायचे. गाडी घसा साफ केल्यासारखी घुमायची आणि मग निमूटपणे घराकडे चालू लागायची.

मी गाडी शिकले ती नानांकडेच. इस्लामपूरच्या शाळेत नोकरी लागली आणि एसटीच्या वेळा काही जमेनात, तेव्हा शेजारच्या नानांनी आपणहून मला शिकवायचं मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी पुलावर त्यांनी फर्मान काढलं, "पोरी, दुसरा टाक."

"कशाला नाना? तिसऱ्यावर चाललीय की छान."

"टाक म्हनलं की टाकायचा. फौजेत कशाला म्हनून इचारत न्हाईत."

फौजेत ते ड्रायव्हर होते. बर्फातल्या घाटांतून त्यांनी ट्रक चालवले, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि गावी येऊन एक लहानशी पांढरी गाडी घेतली. बाकीचे लोक गाडी बघतात. नाना ती ऐकायचे. पारावर बसलेले असले की डोळे मिटून सांगायचे, "ह्यो दूधवाला. क्लचचं वाटोळं केलंय गड्यानं." थोड्या वेळाने खरोखरच दुधाचा टेम्पो वळणावरून पुढे यायचा. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "त्यात काय लय मोठं न्हाई. गाडी सगळं बोलती. आपुनच मदी मदी बोलतोय म्हनून ऐकू येत न्हाई."

पुलावरच्या त्या दुसऱ्या गिअरचं उत्तर मात्र मला त्यांच्या घरात मिळालं. मी एकदा नानांच्या बायकोपाशी, सिंधूकाकूंपाशी स्वयंपाकघरात बसले होते. काकू भाकरी थापत होत्या. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण त्यांचा हात मध्येच थांबला आणि चेहरा सैल झाला. "आलं बग," म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. नाना चपला काढून आत आले तेव्हा चहा कपात पडत होता. रोजचं हे असंच. चाळीस वर्षांचा संसार, पण या दोघांना एकमेकांशी फार बोलताना मी कधी पाहिलं नाही. त्यांचं बोलणं पुलापासून चुलीपर्यंत असं चालायचं.

आणि एका पावसाळ्यात गाडीचा सायलेन्सर गंजून गळून पडला. नाना फौजी कॅन्टीनच्या कामाला साताऱ्याला गेले होते, तिथेच एका दुकानात त्यांनी गाडीबरोबर मूळचा येतो तसा नवाकोरा सायलेन्सर बसवून घेतला. वस्तू अस्सल होती. आवाज जवळजवळ नाहीच. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. गाडी माझ्या पाठीमागून गेली तरी मला पत्ता लागला नाही.

काकू ओसरीवर दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या. नाना पायरी चढले आणि त्यांची सावली सुपात पडली. सूप हातातून निसटलं. काकू खांबाला धरून उभ्या राहिल्या. समोर नवरा उभा असून त्या त्याच्या खांद्यावरून मागे, रस्त्यावर बघत होत्या.

"कोन? आनखी कोन आलंय?"

"मीच हाय गं. मी एकटाच हाय," नाना म्हणाले. ओसरीभर तांदूळ सांडले होते. नाना खाली बसून ते गोळा करू लागले. एकेक दाणा वेचून ते सुपात टाकत होते, हे मला कुंपणापलीकडूनही दिसलं आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या पायरीवर येऊन बसले आणि आपणहून बोलले. विजय हा त्यांचा एकुलता एक मुलगा, तोही फौजेत होता. तो गेल्याची बातमी आली तेव्हा नाना शेतावर होते. फौजेची गाडी दाराशी येऊन थांबली, इतकी बिनआवाजाची की वाटाणे सोलत बसलेल्या काकूंना काही कळलंच नाही. मागे वळल्या तेव्हा उंबऱ्यावर पॉलिश केलेले बूट होते.

"तवापासनं तिला न कळता कुनी आलेलं सोसत न्हाई," नाना म्हणाले. "आमचा बा शेतावरनं आला की दारात खाकरायचा. आत बायामानसं असत्यात, त्यास्नी पदर सावराय येळ मिळावा म्हनून. ती रीत हाय. आता मी काय एवढ्या लांबनं खाकरू? माज्या वतीनं गाडी खाकरती. ह्यो नवा सायलेन्सर मुका हाय, पोरी. ह्यो नगं."

"मग हॉर्न वाजवा की नाना."

"हॉर्न म्हंजी बाजूला सर म्हननं. घरच्या मानसाला कोन बाजूला सर म्हनतंय?"

"निदान फोन तरी."

"फोन तर कुनीबी करतंय. त्या दिवशी बी सगळ्यांचंच फोन आलं."

अशी सुरू झाली नानांची सायलेन्सर शोधण्याची मोहीम. रोजच्या वापराच्या साध्या गाडीला लोक टायर बदलतात, फार तर सीटकव्हर. आमच्या नानांनी सत्तरीत तिच्यासाठी गळा शोधायला घेतला.

कराडच्या एका दुकानदाराने पोरांच्या आवडीचा, तोंडाशी चकचकीत मडकं असलेला सायलेन्सर त्यांच्या गळ्यात मारला. तिथून गावापर्यंत येईस्तोवर कॉलेजच्या पोरांनी त्यांना अंगठे दाखवले आणि नाक्यावर पोलिसाने अडवलं. "आजोबा, हे वय आहे का?"

"सायेब, मी गप बसलोय. तीच वरडतीया," नाना गरीब तोंड करून म्हणाले. पोलीस हसला आणि सायलेन्सर काढून टाकायच्या बोलीवर त्याने त्यांना सोडून दिलं. घरी काकूंनी चहा ठेवलाच नव्हता. "शेजारी भांडान लागलंय वाटलं मला," त्या म्हणाल्या.

शेवटी सांगलीतले इक्बालभाई सापडले. त्यांच्या शेडमध्ये लहानमोठे डबे टांगलेले असत आणि वाऱ्याने एकमेकांवर हळूच वाजत. "कसा आवाज पाहिजे, नाना?"

"म्हशीनं रेकल्यागत नगं. मांजरागत बी नगं. घरच्या मानसानं दारात खाकरावं, तसा."

इक्बालभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. "हमारे अब्बा भी खाकरायचे. बसा. बनवू या." मग त्यांनी मला उघडा डबा दाखवला. आत भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. लोकर जास्त दाबली की आवाज दबतो, कमी केली की सुटतो. "पोलिसानं अडवू नये आणि भाभींनी ओळखावं, या दोन्हींच्या मधलं भरतो," म्हणाले. "ऐकून या. नाही जमलं तर परत उघडू."

तो भाद्रपद मला अजून झोपेतल्यासारखा आठवतो. मी गाडी चालवायची आणि नाना घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डोळे मिटून बसायचे. दोन्हीकडे ऊस पुरुषभर उंच. संध्याकाळचं ऊन पानांतून हिरवं होऊन काचेवर पडायचं, रस्ता पाण्याखालून चालल्यासारखा वाटायचा, आणि पुलावर मी दुसरा टाकला की गाडीखालून एक जाड, मऊ आवाज निघून उसात शिरायचा आणि माझ्याआधी घराकडे जायचा. आपण मागे राहिलो आणि आपलं येणं पुढे गेलं, असं काहीसं वाटायचं. घरी पोचले की नाना मान हलवायचे. "जरा नाकात बोलतोय." पुन्हा सांगली, पुन्हा लोकर. इक्बालभाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

एके संध्याकाळी मी येऊन थांबले तर नाना उंबऱ्यावर नव्हते. ओसरीवर येऊन, ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला आत बघायची खूण केली. काकू आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि आधणात साखर टाकत होत्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. नाना इतके खूश झाले की त्यांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला.

पण एवढा कानाचा माणूसही फसला. पौषात तोडी झाल्या, शिवार मोकळं झालं, आणि अडवायला ऊस नसल्याने गाडीचा आवाज अलीकडच्या पुलावरून नव्हे, थेट पलीकडच्या गावातून ऐकू येऊ लागला. काकू आधण ठेवायच्या, नाना यायचे नाहीत, चहाचा काढा व्हायचा. "उभ्या उसात ऐकून घेतला की गं आपुन!" नाना कपाळावर हात मारून हसले. "ऊस आवाज खातोय, हे इसरलोच. आमच्यासारखं येडं आमीच." सायलेन्सर मात्र त्यांनी उघडू दिला नाही. तोडीच्या दिवसांत पलीकडच्या गावापासून ते इंजिन दबकं ठेवून, अगदी सावकाश यायचे. आणि काढा झालाच तर तो निमूट प्यायचे.

नाना गेले ते गेल्या वर्षी, ऊस पुन्हा उंच झालेला असताना. छातीत भरून येतंय म्हणाले म्हणून मीच त्यांना त्यांच्याच गाडीतून सांगलीला तपासणीला नेलं. डॉक्टरांची वाट बघत बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मान टाकली. पुतण्या धावत आला. तो नानांना मागून रुग्णवाहिकेतून आणणार आणि मी पुढे जाऊन काकूंना सांगायचं, असं ठरलं. फोन करायचा नाही, एवढं मी बजावलं.

दुपार होती. कालव्याचा पूल आला आणि माझा हात आपोआप गिअरवर गेला. तिथेच मी थिजले. दुसरा टाकला तर तिकडे चहा ठेवला जाणार. न टाकता हळूच दाराशी जाऊन उभी राहिले, तर पुन्हा तोच उंबरा आणि तीच न कळता आलेली माणसं. मी इंजिन बंद केलं. गाडी पुलावरच ठेवली आणि चालू लागले, आणि चालता चालता जोरात हाका मारायला सुरुवात केली. "काकू! ओ काकू! मी येतेय!" उसामधून, सगळ्या वाटभर. आवाज फाटत होता, पण मी थांबले नाही.

वळणावरून घर दिसलं तेव्हा काकू अंगणात येऊन उभ्या होत्या. डोक्यावरून पदर घेतलेला. माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी त्यांच्यापाशी बसले होते. माझ्या मनात राहून राहून यायचं, की मी त्या दिवशी काय हा वेडेपणा केला, सगळ्या शिवाराला ऐकवत गेले. तसं मी त्यांना बोलून दाखवलं.

"तू लांबनं हाक दिलीस," काकू म्हणाल्या. "गाडीचा आवाज न्हाई आन् तुजी हाक येतीया, तवाच मला कळलं. मी ग्यास बंद केला. पदर घेतला. द्येवाजवळ जाऊन आले. मग भाईर येऊन हुबी राहिले. विजूच्या येळंला मला एवढं काई करायला गावलं नव्हतं, पोरी."