दुमडीवरचं नाव

वानखेडेकाका बोलताना विरामचिन्हंसुद्धा उच्चारायचे. आयुष्यभर टायपिस्टची नोकरी केलेली, त्यातली बरीच वर्षं लष्करात. "सुमन, स्वल्पविराम, चहात साखर पडलीच नाही वाटतं," असं मला म्हणायचे, आणि वाद संपवायचा असला की "पूर्णविराम" म्हणून उठून जायचे. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत पोरंटोरं त्यांची नक्कल करायची. काकांना ते माहीत होतं, आवडतही असावं.

माझा मात्र त्यांच्यावर राग होता. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासून मी घरी शिलाईमशीन चालवत होते. चाळीतल्या बौद्ध घरांतली पोलकी, मुलांचे गणवेश, सगळं माझ्याकडे यायचं. विहारावर लावायचा पंचशील झेंडा तेवढा यायचा नाही. तो दरवर्षी बुद्धपौर्णिमेसाठी काका स्वतः शिवायचे. कुर्ल्याहून पाच रंगांचं कापड आणायचे आणि पायरीवर बसून, चष्मा नाकावर ओढून धावदोरा घालायचे. तोही वाकडा. आम्ही कोकणातले, देवळात जाणारे, म्हणून माझ्या हातचा झेंडा चालत नसेल, असं मी मनाशी धरून बसले होते. एकदा तसं तोंडावर बोललेही.

"तसं नाही गं," काका म्हणाले. "शिवणाऱ्याला विचारतात. पूर्णविराम."

कोण विचारतात, ते काही सांगितलं नाही. पुढे एकदा वाऱ्याने झेंड्याची कड उलटली तेव्हा मला दिसलं, दुमडीवर काळ्या शाईने त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, शेजारी खोलीचा नंबर. म्हातारा हौशी आहे म्हणून मी हसले होते.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. त्या वर्षी पौर्णिमेच्या आधी एका दुपारी ते कापडाची घडी घेऊन माझ्या दारात आले. घडी पुढे केली, पण हातातून सोडेनात. स्टुलावर बसले आणि सांगायला लागले.

तरुणपणी त्यांना व्हिएतनामला पाठवलं होतं. देशाचे दोन तुकडे झालेले, लढाई चाललेली, आणि तह पाळला जातो का हे बघायला भारतासह तीन देशांची माणसं तिथे बसलेली. सायगावच्या ऑफिसात काका त्यांचे अहवाल टाइप करायचे. धम्म स्वीकारून त्यांना सातच वर्षं झाली होती. पौर्णिमा जवळ आली तसा आपला झेंडा तिथे गल्लोगल्ली बघून त्यांना भरून आलं. गावी पाठवावा म्हणून ऑफिससमोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला त्यांनी एक शिवायला सांगितला. त्याच आठवड्यात सरकारचा हुकूम निघाला, बौद्धांनी झेंडे लावायचे नाहीत. पौर्णिमेलाच एका शहरात गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे पोलीस विहारांत घुसले आणि भिक्खूंना ट्रकमध्ये कोंबून घेऊन गेले.

"झेंडा आता नको, एवढं सांगायलाही मी गेलो नाही," काका म्हणाले. "परदेशी माणसाचा झेंडा, त्याला कोण काय करतंय, असं वाटलं."

एका सकाळी ते ऑफिसला पोचले तर पोलीस त्या बाईला दुकानातून बाहेर ओढत होते. एकाच्या हातात अर्धवट शिवलेला झेंडा होता. तो तिच्या तोंडासमोर धरून काहीतरी विचारत होता. बाईने रस्त्यापलीकडे काकांकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. नाव सांगितलं नाही. काकांना तिथे कोणी हात लावू शकत नव्हतं, तसा नियमच होता. चार पावलं पुढे होऊन बोलले असते तर कदाचित ती सुटली असती. पण बोभाटा होईल, परत पाठवतील, नोकरी जाईल, या भीतीने काका जिना चढून वर गेले. त्या दिवशीचा अहवाल त्यांनी एकही चूक न करता टाइप केला. दुकान पुन्हा उघडलं नाही. बाईचं नाव काय होतं, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"चार शब्द होते, सुमन. थो झेंडा माहा हाय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदाच ऐकली. आता पूर्णविराम म्हणतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले नाहीत. मी मनात काय काय धरून बसले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली.

झेंडा मी शिवला. नाव मात्र काकांचंच घालायचं, ही अट. मी म्हटलं, काका, इथे कोण विचारायला येणार आहे?

"विचारलं तर," ते म्हणाले. चाचपडत त्यांनी दुमडीवर नाव लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती.

त्या थंडीत काका गेले. पुढच्या पौर्णिमेला विहारातल्या बायका कापड माझ्याकडेच घेऊन आल्या. मी पाच पट्टे जोडले, सहाव्यात पाचही रंगांचे तुकडे एकाखाली एक बसवले, दुमड घातली आणि पेन घेतलं. काकांचं नाव लिहावं असं फार वाटत होतं. पण मेलेल्या माणसाच्या नावामागे लपणं मला जमेना. मी माझं नाव लिहिलं, शेजारी खोली नंबर अकरा.

नवरा बघत होता. "नाव कित्याक घालतंस गो? उद्या काय झाला तर?"

"म्हणानच घालतंय," मी म्हटलं.